उलटा के

सामना कसा झाला हे स्कोअररला विचारू नये. त्याला रंगला की पडला ते सांगता येत नाही, ताळा जमला की नाही तेवढं सांगता येतं. लग्नाआधी मी मुंबईत हेच काम करायचे. मुंबई क्रिकेट असोसिएशनची स्कोअररची परीक्षा दिली होती, पावसाळ्यात कांगा लीगचे सामने मिळायचे. आझाद मैदानावर एका सामन्याचा डीप फाइन लेग दुसऱ्या सामन्याच्या स्लिपमध्ये उभा असतो, त्या गर्दीत आपला अंपायर शोधायचा, त्याने खूण केली की हात वर करून पोच द्यायची आणि मगच वहीत टिंब. सहा टिंबं जोडून मेडनचा एम, त्यात विकेट असली तर डब्ल्यू. बाबांनी शिकवलं होतं. तेही क्लबचे स्कोअरर.

लग्नानंतर सिअ‍ॅटलजवळ रेडमंडला आले. नवऱ्याला नोकरी, मला डिपेंडंट व्हिसा. त्या व्हिसावर राहता येतं, गाडी चालवता येते, गणपतीत मंडळाच्या स्वयंपाकाला दोनशे माणसांचा मसालेभात करता येतो. पगार तेव्हा घेता येत नसे. रेडमंडच्या अपार्टमेंटमधल्या आम्हा सगळ्याजणींचं हेच होतं. कोणी नृत्याचे क्लास काढले, कोणी दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घ्यायला लागलं. मी बेसबॉलचा स्कोअर लिहायला लागले.

पहिला सामना पाहिला तो नवऱ्याच्या ऑफिसने फुकट तिकिटं दिली म्हणून. मैदानाचं नाव तेव्हा सेफको फील्ड होतं, २०१९ पासून टी-मोबाइल पार्क झालं. नवरा तिसऱ्या इनिंगला कंटाळला. मला खेळातलं काही कळत नव्हतं, पण पुढच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ मांडीवर पुठ्ठा ठेवून पेन्सिलीने काहीतरी लिहीत होते, आणि ते काय लिहीत असावेत हे मात्र मला लगेच कळलं. मी दोन खुर्च्या ओलांडून त्यांच्या मागे जाऊन बसले. बोइंगमधून निवृत्त झालेले होते. मी मनातल्या मनात त्यांना आजोबाच म्हणायचे. पुढच्या इनिंगपासून त्यांनी शिकवायलाच घेतलं.

वरवर सोपं असतं. डावीकडे नऊ बॅटर एकाखाली एक, वर नऊ इनिंगचे रकाने (तीन बाद झाले की इनिंग संपते), प्रत्येक घरात चौकटचा छोटा आकार. बॅटर जेवढे बेस, म्हणजे धावण्याच्या वाटेवरचे चार थांबे, पार करेल तेवढ्या बाजू गिरवायच्या. चारही झाल्या की रन, मग आतला भाग काळा करायचा. क्षेत्ररक्षकांना नावं नाहीत, आकडे आहेत. पिचर म्हणजे गोलंदाज १, कॅचर म्हणजे आपला विकेटकीपर २, पहिल्या बेसवरचा ३, दुसऱ्यावरचा ४, तिसऱ्यावरचा ५, शॉर्टस्टॉप ६, आणि लांबचे तिघे डावीकडून ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून पहिल्या बेसवर फेकला, बॅटर बाद, की लिहायचं ६-३. बॅटरने हुकवलेला किंवा मारण्याजोगा असून सोडलेला चेंडू म्हणजे स्ट्राइक, मारण्याजोगा नसलेला सोडला तर बॉल. तीन स्ट्राइक होऊन बाद झाला की के. त्यातही बॅट फिरवून चुकला तर सरळ के, आणि तिसरा स्ट्राइक नुसता बघत उभा राहिला तर उलटा, डावीकडे तोंड केलेला के. हा के ज्याने आणला तो हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडमधल्या एक्झिटरचा. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांसाठी क्रिकेटच्या बातम्या लिहिता लिहिता १८५० च्या दशकात बेसबॉलकडे वळला, आणि बॉक्स स्कोअर रूढ केला तोही त्यानेच. आजोबांनी हे सांगितलं तेव्हा मला फार बरं वाटलं. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मग त्याने बोलरचा तक्ता का नाही ठेवला?"

बाबांनी नेमकं बोट ठेवलं होतं. आपल्या स्कोअरबुकात खाली गोलंदाजांचा स्वतंत्र भाग असतो, प्रत्येक ओव्हरला एक घर, त्याचा प्रत्येक चेंडू तिथे दिसतो. बेसबॉलचं साधं कार्ड सगळं बॅटरचं. पिचरच्या वाट्याला तळाशी एक ओळ: किती इनिंग, किती हिट, किती रन, किती वॉक (चार बॉल पडून फुकट मिळालेला बेस), किती के. आणि खेळ तर सगळा त्याच्यावरच चालतो. दहा इंच उंच मातीच्या उंचवट्यावर, माउंडवर, तो उभा, साठ फूट सहा इंचांवर बॅटर, म्हणजे आपल्या बावीस यार्डांपेक्षा साडेपाच फुटांनी जवळच. टप्पा नाही, खेळपट्टी नाही, चेंडू जुना होत नाही. मातीला घासला की अंपायर नवा देतो. "म्हणजे सगळे फुलटॉसच की!" हे बाबांचं दुसरं वाक्य. हो बाबा, सगळे फुलटॉस, आणि तरी दहातले सात वेळा माणूस बाद होतो. कशाने होतो, ते मला बघायचं होतं.

म्हणून मी डी-मार्टसारख्या इथल्या एका दुकानातून चौकटींची मोठी वही आणली आणि पिचरचं पान वेगळं आखलं. प्रत्येक इनिंगला किती चेंडू लागले. बॅटरला टाकलेला पहिला चेंडू स्ट्राइक होता का. बाद झाला तो जमिनीवरून, हवेतून की के. फळ्यावर वेग दाखवतात, तो इनिंगमधला सगळ्यात जास्त किती. एवढंच. आजोबांनी पान बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, मग त्या पोरासाठीच ये तू. चौतीस नंबर.

पोरगं म्हणजे फेलिक्स हर्नांडेझ. व्हेनेझुएलातल्या व्हॅलेन्सियाचा, जन्म ८ एप्रिल १९८६. सिअ‍ॅटल मॅरिनर्सने त्याला २००२ मध्ये करारबद्ध केलं तेव्हा सोळा वर्षांचा होता. ४ ऑगस्ट २००५ ला डेट्रॉइटमध्ये पहिला सामना, तो हरला. पाच दिवसांनी घरच्या मैदानावर मिनेसोटाविरुद्ध आठ इनिंग एकही रन दिली नाही, सामना १-० असा जिंकला. वय एकोणीस. त्याआधीच, खालच्या लीगमध्ये असतानाच, एका ब्लॉगवाल्याने त्याला 'किंग' म्हणायला सुरुवात केली होती आणि ते नाव चिकटलं. हे सगळं माझ्या येण्याआधीचं. मी वही आखली तोवर पोरगं अंगाने भरलं होतं, टोपी जरा तिरकी घालायचं, आणि पाठ बॅटरकडे वळेल इतकं वळून चेंडू टाकायचं.

पिचरची पाळी पाचव्या दिवशी येते. संघात सुरुवात करणारे पाच असतात, ते आळीपाळीने. त्यामुळे कॅलेंडरवर दिवस आधीच धरता येतात. दुपारचा सामना असला की मी पोळीत बटाट्याची भाजी गुंडाळून, ५४५ नंबरची बस पकडून निघायचे. या मैदानात बाहेरचं खाणं न्यायला परवानगी आहे, ही फार मोठी सोय. आजोबा शेंगदाणे खायचे आणि टरफलं पायाशी टाकायचे. तिथे ती रीतच आहे.

त्यांनी सांगितलेली सगळ्यात कामाची गोष्ट ही, की चेंडूकडे बघू नकोस, बॅटरच्या पुढच्या गुडघ्याकडे बघ. तो गुडघा लवकर सुटला की समज, चेंजअप होता. फेलिक्सचा चेंजअप हे वेगळंच प्रकरण होतं. इतरांचा चेंजअप हळू म्हणून फसवतो. याचा ताशी नव्वद मैलांच्या आसपास यायचा, म्हणजे एकशे पंचेचाळीस किलोमीटर. कित्येकांचा फास्टबॉल तेवढा नसतो. हाताचा वेग तोच, सुटण्याची जागा तीच, आणि प्लेटपाशी, म्हणजे बॅटरपाशी, येऊन चेंडू खाली पडायचा. जिना संपला समजून पाय टाकावा आणि खाली अजून एक पायरी असावी, तसा बॅटरचा तोल जायचा. वहीत त्या चेंडूचं फळ दोन ठिकाणी दिसायचं, सरळ के मध्ये आणि ६-३, ४-३ मध्ये. त्याच्या चांगल्या दिवशी माझं पान जमिनीवरच्या आकड्यांनी भरलेलं असायचं, ७-८-९ क्वचित. आणि इनिंगला चेंडू अकरा, तेरा, नऊ.

तोवर मला बेसबॉलची एक गोष्ट पचत नव्हती, अजूनही पचत नाही. सामना संघ जिंकतो, पण तो एका पिचरच्या नावावर लागतो. सुरुवात करणाऱ्याने निदान पाच इनिंग टाकल्या पाहिजेत, तो बाहेर जाताना संघ पुढे असला पाहिजे, आणि ती आघाडी पुढे कधी जाता कामा नये. तरच विजय त्याचा. २००८ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर काय झालं बघा. मॅरिनर्स ज्यात आहेत त्या अमेरिकन लीगचे पिचर एरवी बॅटिंग करत नसत, पण तिथे दुसऱ्या, नॅशनल लीगचा नियम, म्हणून फेलिक्सला बॅट घ्यावी लागली. समोर योहान सांताना. तिन्ही बेस भरलेले, आणि याने होमरन, म्हणजे आपला सिक्सर, मारला. चार रन. पाचव्या इनिंगमध्ये प्लेटपाशी कार्लोस बेल्ट्रान घसरत आला त्यात याचा घोटा मुरगळला आणि बाहेर जावं लागलं. पाच इनिंगला एक बाद कमी होता. मॅरिनर्स जिंकले, ५-२. विजय लागला दुसऱ्याच्या नावावर. आमच्या कांगा लीगमध्ये कोणी असा हिशोब मांडला असता तर क्लबच्या सेक्रेटरीने वही फेकून दिली असती.

२०१० चं वर्ष या हिशोबाचं खरं प्रदर्शन. मॅरिनर्स त्या मोसमात १०१ सामने हरले. १६२ सामन्यांत मिळून ५१३ रन केल्या, म्हणजे सामन्याला सव्वातीनही नाहीत. अमेरिकन लीगमध्ये पिचरऐवजी खास बॅटर खेळवायला लागल्यापासून पूर्ण मोसमात इतक्या कमी रन कोणी केल्या नव्हत्या. त्याच वर्षी फेलिक्सने २४९ आणि दोन तृतीयांश इनिंग टाकल्या, २३२ के घेतले, आणि क्षेत्ररक्षकांच्या चुकांनी गेलेल्या सोडून नऊ इनिंगमागे २.२७ रन दिल्या. लीगमध्ये सगळ्यात कमी. नावावर विजय १३, पराभव १२. आमच्या सेक्शनमध्ये लोक आठव्या इनिंगला, एक रन मागे असताना, उठून गाडी काढायला जायचे. मी बसून राहायचे, कारण माझं पान सुंदर चाललेलं असायचं आणि शेजारचं, आमच्या बॅटरांचं पान रिकामं.

मोसम संपल्यावर सर्वोत्तम पिचरचं साय यंग अवॉर्ड त्यालाच मिळालं. न्यूयॉर्क यँकीजच्या सीसी सबाथियाचे २१ विजय, टँपा बेच्या डेव्हिड प्राइसचे १९, आणि तरी २८ पैकी २१ पहिल्या पसंतीची मतं फेलिक्सला. बाबांना पटवायला दोन फोन लागले. "तेरा जिंकला, बारा हरला, आणि पहिला नंबर?" मी त्यांना वहीतली काही पानं स्कॅन करून पाठवली. त्यांनी चष्मा लावून बघितली असणार, कारण दुसऱ्या फोनवर त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "हे बाकीचे आठजण काय करत होते?"

पुढच्या वर्षी, मे २०११ पासून, क्लबने डाव्या बाजूच्या सेक्शन १५० ला 'किंग्ज कोर्ट' केलं. तिकिटाबरोबर पिवळा टीशर्ट आणि के लिहिलेलं पुठ्ठ्याचं पान. दोन स्ट्राइक झाले की सगळे उभे राहून के, के, के. माझा मुलगा तेव्हा लहान होता, त्याला तेवढंच आवडायचं. मी मात्र तिथे कधी वही घेऊन बसू शकले नाही. समोर पिवळ्या पाठी, दिसत काही नाही, आणि पान डोक्यावर नाचवायचं की लिहायचं? आजोबा आणि मी आपले प्लेटच्या मागे, वरच्या मजल्यावर. स्वस्त जागा, आणि चेंडू कुठून कुठे जातो ते सरळ दिसतं.

१५ ऑगस्ट २०१२. बुधवार, दुपारचा सामना, टँपा बे रेज. सिअ‍ॅटलमध्ये ऑगस्टात जे ऊन पडतं ते पडलं होतं. मुलगा पाळणाघरात होता, ते मी सामन्याच्या दिवसासाठीच राखून ठेवलेलं असायचं. पहिल्याच बॅटरने, सॅम फुल्डने, उजवीकडे चेंडू लांब मारला. एरिक थेम्स धावत गेला आणि त्याने पकडला. पानावर पहिलं घर: ९. तिसऱ्या इनिंगला हेसूस माँटेरोच्या फटक्यावर ब्रेंडन रायन धावत घरी आला, मॅरिनर्स १-०. त्या दिवसाची एकूण रन तेवढीच.

बेसबॉलमध्ये पिचरने सत्तावीसच्या सत्तावीस बॅटरना, एकालाही बेसवर पोचू न देता बाद केलं तर त्याला परफेक्ट गेम म्हणतात. वॉक नाही, हिट नाही, क्षेत्ररक्षकाची चूक नाही. तोवरच्या सगळ्या इतिहासात बावीस झाले होते. त्यातला एक त्याच वर्षी एप्रिलमध्ये याच मैदानावर पाहुण्या संघाच्या फिलिप हंबरने मॅरिनर्सच्याच विरुद्ध टाकला होता, दुसरा जूनमध्ये मॅट केनने सॅन फ्रान्सिस्कोत. आणि असं काही चालू असलं की त्याचा उच्चार करायचा नाही ही तिथली रीत. डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या बाकावर, पिचरशेजारी कोणी बसत नाही, कोणी त्याच्याशी बोलत नाही. आपल्याकडे गावसकर नव्वदीत असताना जागा सोडायची नाही, तेच.

पण स्कोअररला कसं न कळेल? बॅटरांची नऊ घरं भरली, पुन्हा पहिल्यापासून नऊ, आणि एकाही चौकटीची एकही बाजू गिरवलेली नाही. पाचव्या इनिंगनंतर मी आजोबांच्या पुठ्ठ्याकडे बघितलं. त्यांनी पुठ्ठा उलटा करून मांडीवर ठेवला होता. सहाव्या इनिंगला तिघेही के. सातव्यात रेजचे मॅनेजर जो मॅडन स्ट्राइकच्या निर्णयावरून अंपायरशी भांडले आणि मैदानाबाहेर काढले गेले. तेवढ्या खोळंब्यातही माउंडवर फेलिक्स शांत होता, मी मात्र पेन्सिलीला उगाच टोक करत होते. आठवीला पुन्हा तिघेही के. चेंजअप, चेंजअप, कर्व्ह, पुन्हा चेंजअप. बॅटरना काय येणार ते माहीत होतं, आम्हालाही माहीत होतं.

नवव्या इनिंगला रेजनी राखीव बॅटर आणले. डेस्मंड जेनिंग्ज, सरळ के. जेफ केपिंगर, जमिनीवरून रायनकडे, ६-३. शेवटचा शॉन रॉड्रिग्ज. पहिले दोन चेंडू बॉल. एकवीस हजार माणसं उभी होती आणि दोन्ही वेळेला त्यांचा आवाज एकदम खाली आला. मग दोन स्ट्राइक. मग चेंजअप, रॉड्रिग्ज बघत राहिला, अंपायरचा हात वर. फेलिक्सने दोन्ही हात आकाशाकडे केले, कॅचर जॉन जासो धावत आला. मी आधी लिहिलं. सवयच आहे, बाजूला कोणी नाचत असलं तरी चेंडूची नोंद आधी. सत्ताविसावं घर, उलटा के. १२ के, ११३ चेंडू, त्यातले ७७ स्ट्राइक. मॅरिनर्सच्या इतिहासातला पहिला परफेक्ट गेम, एकंदर तेविसावा. त्यानंतर जवळजवळ अकरा वर्षं, जून २०२३ मध्ये यँकीजच्या डोमिंगो हर्मानने टाकेपर्यंत, पुढचा कोणाला जमला नाही.

आजोबांनी माझ्या वहीच्या त्या पानावर कोपऱ्यात सही केली आणि मला त्यांच्या कार्डावर करायला लावली. दोन स्कोअररनी ताळा जमल्यावर करायची तशी.

फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याने सिअ‍ॅटलशी सात वर्षांचा, साडेसतरा कोटी डॉलरचा करार केला. पत्रकारांसमोर बसून रडला. त्या करारात कोपराचं एक कलम होतं: ऑपरेशन होऊन फार काळ बाहेर राहिला तर क्लबला आणखी एक वर्ष नाममात्र पैशात मिळेल. पिचरच्या कोपराचा अस्थिबंध तुटणं हा या धंद्याचा शापच आहे. १९७४ मध्ये टॉमी जॉन नावाच्या पिचरवर डॉ. फ्रँक जोब यांनी पहिल्यांदा दुसरीकडचा स्नायुबंध काढून तिथे बसवला, तेव्हापासून त्या ऑपरेशनला पिचरचंच नाव पडलं. फेलिक्सवर ती वेळ कधी आली नाही. त्याचं जे झालं ते हळूहळू झालं.

पण त्याआधी २०१४. मे ते ऑगस्ट लागोपाठ सोळा सामन्यांत त्याने प्रत्येक वेळी निदान सात इनिंग टाकल्या आणि दोनपेक्षा जास्त रन दिल्या नाहीत. टॉम सीव्हरचा १९७१ चा तेरा सामन्यांचा विक्रम मोडला. मॅरिनर्सनी ८७ सामने जिंकले आणि एका विजयाने प्लेऑफ, म्हणजे मोसमानंतरची बाद फेरी, हुकलं. फेलिक्सच्या पंधरा वर्षांत प्लेऑफच्या इतक्या जवळ ते पुन्हा आले नाहीत. २००१ नंतर संघ पुढे गेला तो थेट २०२२ मध्ये, तोवर हा निवृत्त.

२०१५ मध्ये डिपेंडंट व्हिसावरच्या काहीजणींना कामाचा परवाना देण्याचा नियम आला. मला एका अकाउंटिंग फर्ममध्ये नोकरी लागली आणि दुपारचे सामने संपले. संध्याकाळी, शनिवार-रविवारी, जमेल तसं. त्यामुळे पानांमध्ये अंतर पडायला लागलं, आणि त्या अंतरामुळेच जे दिसलं ते दिसलं.

त्या वर्षी त्याच्या नावावर १८ विजय लागले. वर्तमानपत्रवाले खूष. माझ्या वहीत मात्र वेगाच्या रकान्यात ९५-९६ च्या जागी ९२ यायला लागलं होतं. नुसता वेग कमी झाला असता तर हरकत नव्हती. पण फास्टबॉल हळू झाला आणि चेंजअप जवळजवळ तिथेच राहिला, म्हणजे दोघांमधलं अंतर मिटलं. बॅटरचा पुढचा गुडघा आता लवकर सुटेना. ज्या चेंडूवर आधी ६-३ यायचं तो चेंडू लोक सोडून द्यायला लागले, खाली पडलेला चेंडू सोडला की तो बॉल, आणि मग स्ट्राइक टाकण्यासाठी फास्टबॉल टाकावा लागे. तो नव्वदीचा, मधोमध. इनिंगला अकरा चेंडूंच्या जागी एकोणीस, तेवीस, अठ्ठावीस. पाचव्या इनिंगलाच बेरीज नव्वदीवर. लांबच्या ७-८-९ ची गर्दी, आणि त्याच्याही पलीकडे, ज्याला आकडा नाही.

२०१६ मध्ये पोटरी, २०१७ मध्ये खांदा. २०१८ मध्ये ८ विजय, १४ पराभव, नऊ इनिंगमागे ५.५५ रन. ऑगस्टमध्ये त्याला सुरुवातीच्या पाचांमधून काढलं आणि मधल्या इनिंगला टाकायला लावलं. त्याआधी सगळ्या कारकिर्दीत तो एकदाही मध्येच आला नव्हता. मुलगा तेव्हा नऊ-दहा वर्षांचा, त्याने विचारलं, "आई, फेलिक्स वाईट झाला का?" मी त्याला २०१० चं आणि त्या आठवड्याचं पान शेजारी ठेवून दाखवलं. तो बराच वेळ चेंडूंच्या रकान्यावरून बोट फिरवत होता. त्या रात्री त्याने स्वतःच्या वहीत पहिल्यांदा रकाने आखले. आजोबा तोवर मैदानावर यायचे बंद झाले होते. जिने चढवत नसत. मी त्यांना पानांचे फोटो पाठवायचे आणि त्यांचं एका शब्दाचं उत्तर यायचं, बहुतेक वेळा वेगाबद्दल.

२६ सप्टेंबर २०१९, ओकलंडविरुद्ध, गुरुवारची रात्र. सगळ्यांना माहीत होतं की हा सिअ‍ॅटलसाठीचा शेवटचा सामना आहे. मैदानाच्या बऱ्याच भागात पिवळे टीशर्ट होते. पाच इनिंग आणि एक बाद, १०६ चेंडू, तीन रन. मॅनेजर स्कॉट सर्व्हिस माउंडकडे चालत निघाले तेव्हा लोक उभे राहिले आणि बसलेच नाहीत. सामना ३-१ असा गेला. पराभव त्याच्या नावावर. हेही मी लिहिलं. एकूण १६९ विजय, १३६ पराभव, २५२४ के, नऊ इनिंगमागे ३.४२ रन, सगळ्या मॅरिनर्ससाठीच. पुढे अटलांटा आणि बाल्टिमोरने त्याला सरावाला घेतलं, पण मोठ्या लीगमध्ये तो परत उतरला नाही.

जानेवारी २०२५ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमचा, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीचा, निकाल लागला तेव्हा घरात भांडण झालं. त्या वर्षी तिघांची नावं आमच्या ओळखीची होती. मॅरिनर्सच्याच जपानी इचिरोला ३९४ पैकी ३९३ मतं. ते एक मत कोणाचं, यावर सिअ‍ॅटलमध्ये अजून संताप आहे. सबाथिया पहिल्याच वर्षी आत, ८६.८ टक्के मतांनी. फेलिक्सला २०.६. आत जायला ७५ लागतात. पाचच्या खाली गेलं की नाव कायमचं काढतात, नाहीतर दहा वर्षं राहू शकतं. मुलगा तोवर पंधरा-सोळाचा, त्याचं सगळं लॅपटॉपवर. म्हणाला, "आई, सबाथियाचे २५१ विजय आहेत, तीन हजारांवर के आहेत. फेलिक्सने २०१५ नंतर केलंय काय?"

सबाथियाबद्दल माझी तक्रार नाही, तो जायलाच हवा होता. पण ज्या वर्षी एकवीस विजयांपेक्षा तेरा विजय जास्त चांगले होते हे मतदारांना कळलं होतं, त्याच मतदारांच्या जमातीने पंधरा वर्षांनी पुन्हा विजयच मोजले, असं मी म्हटलं. तो म्हणाला, विजय नाही मोजले, वर्षं मोजली. दहाच चांगली आहेत. मी म्हटलं, दहा वर्षं मॅरिनर्ससाठी त्याच्याइतकी कोणी टाकलीत ते दाखव. त्याने रँडी जॉन्सन म्हटलं. ते मला मान्य करावं लागलं. मग बाबांना व्हिडिओ कॉल लावला, तर ते नातवाच्या बाजूने. म्हणाले, बोलर म्हणजे विकेटा किती ते सांग, बाकी राहू दे. मी विकेटा सांगितल्या, २५२४. "मग घ्या ना त्याला," म्हणाले.

मतदान बेसबॉलवर लिहिणारे पत्रकार करतात, दहा वर्षं त्यांच्या संघटनेत काढलेले. निकाल दर जानेवारीत लागतो. म्हणजे हे भांडण अजून काही वर्षं आहे, आणि मुलगा दर वेळी लॅपटॉप घेऊन बसणार, मी वह्या.